शब्दचर्चा : युकिनोच्या 'आनाता'ला मराठीत काय म्हणावं?

वातारु वातारी यांची 'ओरेगाइरु' ही जपानी लाइट नॉव्हेल मालिका वाचून संपली आणि डोक्यात कथेपेक्षा सर्वनामंच जास्त घोळतायत, म्हणून हा धागा. शेवट फुटणार आहे. ज्यांना मालिका वाचायची आहे त्यांनी इथूनच परत फिरावं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. पूर्ण नाव लांबलचक आहे : 'याहारी ओरे नो सेइशुन रबुकोमे वा माचिगात्तेइरु'. म्हणजे साधारण 'माझ्या तारुण्यातली प्रेमाची गंमतगोष्ट चुकलेलीच आहे, वाटलंच होतं'. शोगाकुकान प्रकाशनाच्या गागागा बुन्को या पुस्तकमालेत पहिला खंड मार्च २०११ मध्ये आला, चौदावा नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि तिथे मुख्य कथा संपली. लाइट नॉव्हेल म्हणजे खिशात मावणारी, मधूनमधून चित्रं असलेली, बरीचशी संवादांवर चालणारी कादंबरी. चिबामधली एक शाळा. हिकिगाया हाचिमान हा एकलकोंडा, तिरकस मुलगा. त्याचा निबंध वाचून भडकलेल्या हिरात्सुका बाई त्याला 'होशिबु'त, म्हणजे सेवा मंडळात, नेऊन बसवतात. तिथे आधीपासून एकटीच बसलेली असते युकिनोशिता युकिनो : हुशार, देखणी आणि जिभेला धार. मग कुकीज करायला शिकवा म्हणत युइगाहामा युइ येते आणि तिथलीच होऊन जाते. तिघं मिळून शाळाभरच्या पोरांच्या अडचणी निस्तरतात. आपल्या तिघांत जे आहे त्याला नाव द्यायला मात्र चौदा खंड कोणी धजत नाही.

म्हणून कोण कोणाला काय हाक मारतं याकडेच लक्ष ठेवावं लागतं. युइ हाचिमानला 'हिक्की' म्हणते. हिकिगाया आणि हिकिकोमोरी, म्हणजे आपला घरकोंबडा, दोन्ही एकात. युकिनोला ती 'युकिनोन' करते आणि युकिनो कितीही कुरकुरली तरी बदलत नाही. वर्गातला लाडोबा हायामा आणि त्याचं टोळकं हाचिमानला 'हिकितानी' म्हणतं. 'गाया' आणि 'तानी' हे एकाच चिन्हाचे उच्चार, त्यातला चुकीचा उचललेला, आणि तो नीट विचारून घ्यावा असं कोणाला वाटलेलं नाही. धाकटी बहीण कोमाची लाडात असली की 'ओनीचान', वैतागली की 'गोमीचान'. गोमी म्हणजे कचरा. इथे मराठी अडत नाही : दादा आणि कचरादादा.

खालच्या वर्गातल्या इश्शिकी इरोहाशी मात्र अडते. वरच्या वर्गातल्या सगळ्यांना ती नाव लावून सेंपाई म्हणते, 'हायामा-सेंपाई', 'युइ-सेंपाई'. हाचिमान तेवढा नुसता 'सेंपाई'. हे दुर्लक्ष आहे की जवळीक, हे तिलाही ठरवायचं नसावं. मराठीत वरच्या वर्गातल्या मुलाला हाक मारायला 'दादा' आहे, पण दादा म्हटलं की राखीच बांधली, मग तिच्या सगळ्या लाडीगोडीचं काय करायचं? मी सेंपाईच ठेवेन. (सेन्पाई नको. 'प'च्या आधीचा अनुस्वार आपण 'म'सारखाच उच्चारतो, जपानीही तेच करतात. सेंपाई लिहिलं की काम झालं.)

आता मुख्य प्रश्न. युकिनो हाचिमानला 'हिकिगाया-कुन' म्हणते आणि सर्वनाम वापरते 'आनाता', म्हणजे सभ्य, लांबचं 'तू'. तो तिला नुसतं 'युकिनोशिता' म्हणतो, सर्वनाम 'ओमाए', म्हणजे रांगडं 'तू'. पहिल्या खंडात हेच, चौदाव्यातही हेच. पादचारी पुलावरच्या त्या प्रसंगात तो 'आवडतेस' हा शब्द काढतच नाही. म्हणतो, तुझं आयुष्य वाकडं करायचा हक्क मला दे. पुढे तिचं उत्तर : 'आनाता नो जिन्सेइ ओ, वाताशी नि कुदासाइ.' (आनाताचं) आयुष्य मला द्या. ज्या 'आनाता'नं तिनं त्याला पहिल्या दिवसापासून लांब ठेवलं, त्याच 'आनाता'त आता तो मावतो, कारण जपानीत बायको नवऱ्यालाही 'आनाता' म्हणते. शब्द जागचा हललेला नाही.

मराठीत 'तू' केलं तर तिचा थंड सभ्यपणा गेला. 'तुम्ही' केलं तर सोळा-सतरा वर्षांची पोरगी वर्गातल्या मुलाला अहो-जाहो करतेय. 'अहो' केलं तर पहिल्याच पानावर लग्न लागलं. सुचवा.

— प्रतिसाद

मालिका वाचलेली नाही आणि या वयात वाचेन असंही वाटत नाही, पण आडनावांबद्दल बोलायचंय. नुसतं आडनाव म्हणजे दुरावा, हे आपल्याकडे अर्धंच खरं. आमच्या होस्टेलात पहिलं नाव घेऊन कोणी कोणाला हाक मारली नाही. जोश्या, देशपांड्या, पाटला, जाधवा. आडनावाला संबोधनाचं शेपूट लागलं की ती पक्की दोस्ती. बायको-पोरं झाली तरी मित्र आडनावानंच हाक मारतात. मुलींच्या बाबतीत उलट. 'गोखले आली का?' हे आपसात, आणि समोर आली की 'मिस गोखले', तेही घसा खाकरून. म्हणजे तुमचा हाचिमान मुलीला तोंडावर नुसतं 'युकिनोशिता' म्हणतो आणि वर तू-तुझं करतो, याला आमच्या पिढीच्या मराठीत घरच नाही. आजची कॉलेजातली मुलं कशी बोलतात ते ती सांगतील.

— धागाकर्ती

काका, शेपटाचा मुद्दा फार कामाचा आहे. युकिनो पण त्याच्या आडनावाशी खेळते, 'हिकिगाया'चं 'हिकिगाएरु' करते. म्हणजे मोठा बेडूक, भेक. बेडेकरला बेडूक म्हणावं तसंच.

— प्रतिसाद

मी पुण्यात रानडेमध्ये जपानी शिकले, त्यामुळे आधी जरा पाणी ओतते. 'आनाता' म्हणजे 'अहो' हे अभ्यासक्रमातलं सुटसुटीत समीकरण आहे. प्रत्यक्षात ओळखीच्या माणसाला शक्यतो आनाता म्हणूच नका, नाव घ्या, असंच शिकवतात. बरोबरीच्या मुलाला आनाता म्हणण्यात सभ्यता असते तशी वरून पाहण्याची छटाही असते. युकिनोच्या तोंडी ती छटा आहे. त्यामुळे 'तुम्ही' नक्की नाही. 'तुम्ही'त मराठीला आदर ऐकू येतो, तिच्या मनात सुरुवातीला त्याच्याबद्दल आदर औषधालाही नाही.

दुसरं, क्रियापदं पाहा. तो म्हणतो 'कुरे', ती म्हणते 'कुदासाइ'. दे आणि द्या. मागणी एकमेकांच्या तोडीची आणि भाषेचा पाट दोघांचा वेगळा. मराठीत 'तुझं... दे' विरुद्ध 'तुमचं... द्या' केलं की जुन्या कृष्णधवल चित्रपटातलं जोडपं उभं राहतं. आणि तुमच्या 'वाकडं करायचा हक्क'ला माझं पूर्ण मत. 'युगामेरु' म्हणजे सरळ वस्तूचा आकार बिघडवणं. कोणीतरी 'तुझ्या आयुष्याची वाट लावायचा हक्क' करेल आणि हशाही पिकेल, पण हाचिमान तिथे विनोद करत नाहीये. फार तर विनोदाच्या आड लपतोय.

आता माझा लाडका शब्द, नवव्या खंडातला. क्योतोच्या सहलीत, सातव्या खंडात, हाचिमानने दुसऱ्याचा प्रश्न मिटवायला वर्गातल्या एबिना या मुलीला खोटीच मागणी घातलेली असते आणि त्यावरून तिघांत बिनसलेलं असतं. नवव्यात तो सेवा मंडळाच्या खोलीत दोघींसमोर रडकुंडीला येऊन म्हणतो, 'ओरे वा, होम्मोनो गा होशी.' होम्मोनोला काय म्हणाल? शब्दशः 'अस्सल'. अस्सल-नक्कल तशीच होम्मोनो-निसेमोनो जोडी. पण अस्सल म्हटलं की मला तूप आणि पैठणी दिसते. गंमत म्हणजे जपानी शब्दालाही दुकानाचा वास आहेच, मोती खरा की खोटा याला तोच शब्द. तरी मी 'अस्सल' नाही घेणार. इथे मराठीचं नपुंसकलिंग कामाला येतं : 'मला खरं काहीतरी हवंय.' जपानीला 'मोनो', म्हणजे वस्तू, जोडावी लागते. आपल्याला 'खरं'वरचा अनुस्वार पुरतो. खरं प्रेम की खरी मैत्री की खरा माणूस, हे त्याला ठरवायचंच नाहीये, आणि त्या एका टिंबामुळे ते ठरवावं लागत नाही.

शिवाय तो खंड कसा रचलाय बघा. नाताळच्या कार्यक्रमासाठी शेजारच्या शाळेबरोबर बैठका चालल्यात आणि तिथल्या विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष तामानावा हातवारे करत ब्रेनस्टॉर्मिंग, लॉजिकल थिंकिंग, असं इंग्रजी फेकतोय. शब्दांचा पूर आणि काम शून्य. मराठी वाचकाला त्याचं भाषांतरसुद्धा नको, प्रत्येकाच्या ऑफिसात एक तामानावा आहे. त्या गदारोळात हे एक साधं वाक्य येतं.

— प्रतिसाद

'आपण' का नाही?

'आपण जरा गप्प बसाल का?' 'आपलं काय काम होतं?' मराठी मुलीला वर्गातल्या मुलाला चार हात लांब ठेवायचं असेल तर ती 'तुम्ही' म्हणत नाही, 'आपण' म्हणते. वरकरणी मान, आतून टोमणा. ताईंनी सांगितलेली वरून पाहण्याची छटा आयती मिळते. पहिल्या खंडापासून युकिनोच्या तोंडी फक्त हाचिमानसाठी 'आपण' ठेवा. आणि पुलावर तिचं वाक्य करा : 'आपलं आयुष्य मला द्या.'

आपलं म्हणजे तुमचं. आपलं म्हणजे आपल्या दोघांचंही. जपानीत लांबच्या 'तुम्ही'तून नवरा निघतो, मराठीत लांबच्या 'आपण'मधून 'आपण दोघं' निघतं. शब्द जागचा न हलवता.

— धागाकर्ती

हे वाचून खुर्चीतून उठले. घेतलं.

— प्रतिसाद

थांबा, उठू नका. क्रियापद फितूर आहे. आदराचं आपण : 'आपण याल, आपण बसाल.' सगळ्यांना धरणारं आपण : 'आपण जाऊ, आपण बसूया.' दोन्ही पूर्ण वाक्यांत सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. गोंधळ जास्त करून 'आपलं, आपला, आपल्याला' या रूपांत होतो. म्हणजे ही युक्ती त्या एका वाक्यात चालेल, आणि चालण्याचं कारण हे की तिथे कर्ता 'आपण' नाही. शिवाय 'द्या' आहे, त्यामुळे सरळ वाचणाऱ्याला 'तुमचं' एवढंच ऐकू येईल. दुसरा अर्थ ज्याचा त्याने शोधायचा. मला हे दोष वाटत नाहीत, पण पुढच्या-मागच्या वाक्यांत जपून.

आणि मुंबईकरांना विचारा. 'आपण नाय येणार' म्हणजे तिथे 'मी'. त्यांना तुमची युकिनो स्वतःचंच आयुष्य मागतेय असं वाटायचं.

— प्रतिसाद

तुम्ही सगळे पुलावरच अडकलात. युइचं काय?

युइ कोणाशीही लांबचं बोलत नाही. तिच्या मराठीत दोघांनाही 'तू'च असणार. पण तिचाही शब्द 'आपण'च आहे, दुसरा 'आपण'. अकराव्या खंडात ती स्पष्ट सांगते की मला सगळं हवंय. हाचिमान हवा, युकिनो हवी, ती खोली हवी. मराठी युइ पानोपानी 'आपण तिघं' म्हणत राहणार : आपण जाऊया, आपण करूया, आपलं ठरलंय ना. आणि त्याच टेबलापलीकडे युकिनो हाचिमानला 'आपण याल का' म्हणणार. एका खोलीत दोन 'आपण', आणि चौदाव्या खंडात एकीचा 'आपण' दुसरीच्या 'आपण'ची जागा घेणार. लांब ठेवणाऱ्या शब्दातून जोडी झाली, आणि जवळ घेणाऱ्या शब्दातली एक बाहेर. मला हे मूळ जपानीपेक्षाही जास्त निर्दय वाटतंय. भाषांतरकाराला एवढी भर घालायचा अधिकार आहे का, हे मला खरंच विचारायचंय. मूळ लेखकाने युइवर हा घाव घातलेला नाही. तिच्यासाठी 'हिक्की' शेवटपर्यंत 'हिक्की'च राहतो, तिचं तिथलं येणंजाणंही थांबत नाही.

— प्रतिसाद (जपानीवाल्या ताई)

अधिकार आहे की नाही माहीत नाही, पण टाळायचं ठरवलं तरी टळणार नाही. मराठीत तिघांचं काहीही लिहिलंत की 'आपण' आणि 'आम्ही' यातलं एक निवडावंच लागतं. जपानीतला 'वाताशीताची' समोरच्याला धरतो की वगळतो हे सांगत नाही. त्या मोकळ्या जागेत ही तीन मुलं वर्षभर सुखाने राहू शकतात. मराठीत युइ 'आम्ही' म्हणाली की कोणीतरी बाहेर गेलंच. 'आपण' म्हणाली तर तिने उघड हक्क सांगितला.

— धागाकर्ती

युइचा मुद्दा पटला, तरी 'आपण' सोडवत नाही. सध्या असं करतेय : युइचे 'आपण' जिथे जपानीत काहीच सर्वनाम नाही तिथे गाळायचे, नुसतं 'जाऊया, करूया'. मराठी क्रियापद तेवढं सांभाळून घेतं. म्हणजे घाव राहील, पण दाखवून दिलेला नसेल. युकिनोचं 'आपण' फक्त हाचिमानसाठी; हिरात्सुका बाईंना ती सरळ 'तुम्ही' म्हणेल, युइला 'तू'. आणि शेवटी शेवटी ती त्याला 'आवडतोस' म्हणते तेव्हासुद्धा जपानीत 'आनाता' आणि 'हिकिगाया-कुन' दोन्ही तसेच आहेत, तिथे मी काय करणार ते अजून ठरलेलं नाही. 'आपण मला आवडता' हे मराठीत उभंच राहत नाही.

आणखी एक अडलंय. बाराव्या खंडाच्या शेवटी युकिनोची थोरली बहीण हारुनो या तिघांच्या नात्याला 'क्योइझोन' म्हणून टाकते. एकमेकांना धरून राहण्याची सवय, मानसशास्त्रातला शब्द, आणि ती तो निदान केल्यासारखा थंडपणे वापरते. 'परस्परावलंबन' केलं तर सहकार चळवळीचा अहवाल वाटतो. 'गळेपडूपणा' फार घरगुती. 'सहअवलंबित्व' बोलताना कोणाचीही जीभ अडखळेल, आणि हारुनो कधीच अडखळत नाही. सुचलं तर इथेच लिहा.