मदत हवी आहे: ३-९x४० स्कोपचं दृश्यक्षेत्र ३x वर हिशोबापेक्षा कमी का भरतं?

एअर रायफलचा जुना ३-९x४० स्कोप आहे (रायफलवरची दुर्बीण: मोठेपणा ३ ते ९ पट, पुढचं भिंग ४० मिमी), खोका-माहितीपत्रक काही नाही. कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये २० मीटरवर भिंतीला मोजपट्टी चिकटवून दृश्याची रुंदी मोजली. (स्कोप ट्रायपॉडवर होता, रायफल घरीच. तरी वॉचमनकाकांना दोनदा समजवावं लागलं!)

९x वर ८४ सेंमी, ६x वर १.२४ मीटर, ३x वर मात्र २.२० मीटर. मोठेपणा गुणिले रुंदी साधारण स्थिर राहायला हवी ना? पहिल्या दोनांत ७.५ च्या आसपास येते, ३x वर फक्त ६.६. म्हणजे तिथे २.५ मीटर दिसायला हवं होतं.

डोळा पुढेमागे करून, प्रत्येक वेळी काळी कड जाईपर्यंत जुळवून तीनदा मोजलं. फरक दोन-तीन सेंमीचाच. आयपीसमागे (डोळ्याकडच्या भिंगामागे) कागद धरून प्रकाशाचा ठिपकाही मोजला: ९x वर ४.५ मिमी, ३x वर १३ (४० भागिले ३) ऐवजी ११. पण कमी मोठेपणावर आतल्या कडीमुळेही ठिपका लहान होऊ शकतो, म्हणून त्यावर भरवसा नाही.

स्कोप उघडायचा नाही. मग मोठेपणाच्या रिंगवरचा ३ प्रत्यक्षात ३.४ आहे, की कमी मोठेपणावर कडाच कापल्या जातायत, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?