कुटुंबातल्या ‘सेल्फलेस लव्ह’ला काय म्हणायचं? प्रीती, माया की आणखी काही?

मिरजेची_सून: आमच्या चर्चचं कुटुंब-शिबिर आहे आणि इंग्रजी पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. त्यातलं ‘सेल्फलेस लव्ह’ म्हणजे बायबलमधलं ग्रीक ‘अगापे’, आणि त्याला मराठी बायबलमध्ये ‘प्रीती’ आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३वा अध्याय आम्ही लहानपणी याच शब्दाने पाठ केला. मी तोच लिहिला, तर तरुण मुलं म्हणाली, “प्रीती म्हणजे लग्नाआधीचं.” सासूबाई म्हणतात, शब्द बदललास तर वचन बदलेल. आई-मुलं, सासू-सून, भावंडं, सगळ्यांना पुरेल असा शब्द हवाय. शनिवारी छपाईला जायचंय.

वाईकर: ‘निःस्वार्थ प्रेम’ लिहा. ‘निःस्वार्थी’ मात्र नको. निःस्वार्थ हेच विशेषण आहे, त्याला वर ईकार कशाला?

कोयनाकाठ: आमच्या पाटणकडं सगळे निःस्वार्थीच म्हणतात. चार पिढ्या बोलतात ते चूक कसं? आणि घरात हा शब्द वापरतं कोण? आजीला सावत्र सासूनं वाढवलं, म्हणजे चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून. आजी तिच्याबद्दल एवढंच सांगायची, “लई माया केली तिनं.” माया लिहा, ताई.

वाईकर: वेदान्तात माया म्हणजे भ्रम. शिवाय ‘बक्कळ माया जमवली’ म्हणतो तेव्हा ते पैसे असतात. धार्मिक पत्रकात घोटाळा होईल.

कोयनाकाठ: आमची माया ‘माय’वरून आली. वेदान्ताचा संबंध नाही.

वाईकर: माय आली ‘मातृ’वरून. माया संस्कृतातून जशीच्या तशी घेतलेली. कानाला जवळचे वाटले म्हणून दोन शब्द मायलेकी होत नाहीत.

तासगावकर: प्रीतीला लग्नाआधीची ठरवणाऱ्यांना तुकोबा ऐकवा. ‘लेंकराचें हित । वाहे माउलीचें चित्त ॥ ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभेंविण प्रीती ॥’ इथे प्रीती आईची आहे, आणि ‘लाभेंविण’मध्ये तुमचं ‘सेल्फलेस’ आलंच. पण सगळे ग्रंथ एकच सांगतात असं धरू नका. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी पत्नी मैत्रेयीला सांगतात की नवरा नवऱ्यासाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो, मुलांचंही तेच. वडील गेल्यावर हे वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं. नंतर उमगलं की तिथला आत्मा म्हणजे आपला स्वार्थ नव्हे.

मिरजेची_सून: सुंदर. एफिसकरांस पत्रात (५:२५) नवऱ्याने बायकोवर करायच्या प्रेमालाही अगापेचंच क्रियापद आहे. म्हणून तर वात्सल्य नको म्हणते मी, ते वरून खाली वाहतं. सुनेनं सासूवर केलं तर त्याला वात्सल्य कसं म्हणायचं?

सांगलीवाडी: मग ‘जिव्हाळा’? नखाखालचा हुळहुळा भाग म्हणजे जिव्हाळी, तिथे लागलं की जीव कळवळतो.

वाईकर: जिव्हाळा शेजाऱ्याशीही असतो.

कराडची_शिवणवाली: मायेबद्दल एक राहिलं. मी ब्लाउज, गणवेश शिवते. शिवणीच्या आत जादा कापड सोडतो त्याला आम्ही मायाच म्हणतो. जूनमध्ये बाया सांगतात, “दोन बोटं माया सोड, पोरगं वाढतंय.” पुढच्या वर्षी उसवून तीच बाहेर काढायची. आतली घडी उन्हात गेलेली नसते, त्यामुळं रंग जरा गडद दिसतो. माझ्या आईनं माझ्या परकराला एवढी माया ठेवली होती की तो धाकटीला, मग मावसबहिणीला झाला.

कोयनाकाठ: बघा! माया आली की नाही कामाला!

वाईकर: ही माया वेगळीही असू शकते. ‘मा’ धातूचा अर्थ मोजणे, कापडाचा संबंध तिथूनही लागेल. पण दोन बोटांचं मला माहीत नव्हतं.

तासगावकर: आमचे सुतारही चौकट कापताना माया ठेवतात.

सांगलीवाडी: मिरजेत तंबोरे करणारे कुणी वाचत असतील तर सांगा, भोपळा कापताना तुम्हीही मायाच म्हणता का?

मिरजेची_सून: गल्लीतल्या कारागिरांना उद्या विचारते. पत्रकात अजून प्रीतीच आहे.