मदत हवी आहे: कमी मायक्रोनेअरची रुई तापवल्यावर लवकर का विघटते?

नमस्कार मंडळी,

न धुतलेल्या रुईच्या दोन नमुन्यांवर टीजीए करतोय, म्हणजे तापवत नेऊन वजन कसं घटतं ते पाहणं. एकाचं मायक्रोनेअर (तंतूचा बारीकपणा आणि परिपक्वता यांचा मिळून आकडा) ४.३, दुसऱ्याचं २.९. नायट्रोजनमध्ये, मिनिटाला १० अंश सेल्सिअस वेगाने.

१५० अंशांपर्यंत नुसतं पाणी उडालं, २.९चं जरा जास्त. घोळ पुढे आहे. ४.३ची रेषा जवळपास ३०० अंशांपर्यंत सपाट राहते आणि मग कड्यावरून पडावी तशी कोसळते. २.९ला कडा नाहीच, नुसता उतार, तोही आधीच सुरू होतो. शिवाय ६०० अंशांनंतर मुशीत त्याचा कोळसाही जास्त! तीनदा करून पाहिलं, तेच.

'अपरिपक्व तंतूची भिंत पातळ, म्हणून लवकर तापतो' असं एकाने सांगितलं. पटत नाही. कोळशाचं काय मग?

प्रतिसाद

न पटणं बरोबर आहे. काही मिलिग्रॅम नमुना इतक्या सावकाश तापवताना तंतूच्या जाडीने फरक पडत नाही.

बोंडात तंतू वाढताना सेल्युलोजचे थर आतल्या बाजूने चढत जातात. ते पुरते चढलेच नाहीत तर बाहेरचं मेण, पेक्टिन आणि आत सुकलेले क्षार यांचा वजनातला वाटा आपोआप वाढतो. त्यातलं पोटॅशियम खरं खोडकर. त्याच्यामुळे सेल्युलोज कमी तापमानाला तुटतं, आणि वाफ होऊन उडून जाण्याऐवजी कोळशाकडे वळतं.

दोन्ही नमुने गरम डिस्टिल्ड पाण्यात धुवा, वाळवा, पुन्हा चाचणी करा. आणि हो, मायक्रोनेअर म्हणजे ठरावीक वजनाच्या रुईतून हवा किती सहज जाते, एवढंच. जातीनेच बारीक पण पूर्ण परिपक्व तंतूचा आकडाही कमी येतो. परिपक्वता वेगळी तपासा.

धागाकर्ता

धुतलं. २.९ची रेषा चांगलीच उजवीकडे, म्हणजे जास्त तापमानाकडे सरकली, कोळसाही घटला. ४.३ मात्र जवळजवळ जागच्या जागी. परिपक्वतेसाठी तंतू १८ टक्के कॉस्टिक सोड्यात फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ४.३चे बहुतेक फुगून गोल कांडीसारखे झाले, म्हणजे परिपक्व, २.९चे निम्म्याहून जास्त तसेच, पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखे, म्हणजे अपरिपक्व. आता मोजायला बसलोय.