प्रोबवर भागत नाही, वायर बघा

निअर फील्ड प्रोबने (बोर्डाजवळ धरून रेडिओ गोंगाट पकडणारी छोटी कांडी) बोर्ड तपासला की उत्सर्जन चाचणीसाठी लॅबच्या फेऱ्या वाचतात, असं म्हणतात; ते निम्मंच खरं. प्रोब गोंगाटाचा उगम दाखवतो, लॅब मोजते त्या ३ मीटरवर तो किती भरेल ते नाही. शिरोली एमआयडीसीत आम्ही भट्टीचा कंट्रोलर असाच तपासला. बोर्ड एकदम शांत, आणि पुण्याच्या लॅबमध्ये ७५ मेगाहर्ट्झच्या आसपास नापास! (लॅबचं भाडं, गाडीखर्च, सगळं पाण्यात.) दोषी निघाली सेन्सरची मीटरभर वायर. तेवढी लांबी त्या फ्रिक्वेन्सीला पाव तरंगलांबी, म्हणजे आयता अँटेनाच की.

आता वायरीभोवती करंट क्लॅम्प (वायरीतला प्रवाह बाहेरून मोजणारा चिमटा) लावून सिग्नल फ्रिक्वेन्सीनुसार दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर कॉमन मोड करंट (वायरीतल्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) आधी बघतो. मीटरभर वायरीत जेमतेम ५ मायक्रोअँपिअर असले तरी घरगुती वापराच्या यंत्रांची उत्सर्जन मर्यादा ओलांडू शकते. आणि हो, तपासायचं यंत्र बंद ठेवून एकदा रीडिंग घ्याच, नाहीतर ८८ ते १०८ मध्ये एफएम केंद्रांनाच शोधत बसाल.