उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी आणि ब्रेकचा गंज : आपले अनुभव लिहा

इलेक्ट्रिक गाडी कमी चालवली जात असेल, तर ब्रेकच्या डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर) गंज चढतो आणि खरखर ऐकू येते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे ती अधिकच जाणवते. कोणता आवाज आपोआप गेला आणि कोणत्यासाठी गॅरेज गाठावे लागले, हे आपल्या गावाच्या हवामानासह लिहावे, ही विनंती.

रत्नागिरी : डिस्क बिडाची असल्यामुळे आमच्या खाऱ्या, दमट हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर येतो, पण सकाळी ब्रेक काही वेळा दाबले की तो घासून जातो. गेल्या पावसाळ्यात मात्र गाडी बरेच दिवस उभी राहिल्यानंतर निघताना 'खट्' असा आवाज झाला, कारण पॅड (डिस्कवर दाबले जाऊन चाक थांबवणारे तुकडे) गंजामुळे डिस्कला चिकटले होते. पुढे थर गेला तरी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर घासल्याचा आवाज येत राहिला आणि एक चाक इतरांपेक्षा जास्त तापू लागले. मेकॅनिकने चाक उतरवले तेव्हा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना आखडलेल्या निघाल्या. त्या साफ करून ग्रीस लावल्यावर आवाज थांबला. डिस्क बदलण्याआधी पिना तपासून घ्याच, असे मी आग्रहाने सांगेन.

पुणे : आमची गाडी रोज चालते, तरीही डिस्कच्या कडेला गंज राहत असे. रिजनरेशन (वेग कमी करताना मोटारीने वीज बनवून बॅटरीत परत भरणे) जास्त ठेवले की मोटारच गाडीचा वेग आवरते आणि पॅडना फारसे काम उरत नाही. आता मी अधूनमधून रिजनरेशन सर्वांत कमी ठेवतो आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, काही वेळा ठामपणे ब्रेक लावतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रिजनरेशन मर्यादित राहते, त्यामुळे तेव्हाही पॅड वापरात येतात.

म्युनिक : इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. आमच्या डिस्कची बाहेरची बाजू स्वच्छ दिसत होती, पण सक्तीच्या तांत्रिक तपासणीत आतल्या बाजूला गंजाचे खोल खड्डे आढळले आणि डिस्क बदलाव्या लागल्या. फोक्सवॅगनच्या आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या चाकांना डिस्कऐवजी बंदिस्त ड्रम ब्रेक आहेत. माझ्या मते कमी वापरल्या जाणाऱ्या ब्रेकसाठी ती रचना अधिक योग्य आहे.

डोंबिवली : गाडी धुतल्यावर लगेच उभी करत नाही, थोडे अंतर चालवून, ब्रेक दाबून डिस्क कोरडी करून घेते.