कातकरी बोलीचा वर्ग: सुरुवात कुठून?

ठाणेकर: शहापूरच्या पाड्यावर मुलांना कातकरी शिकवायचीय. आधी शब्दकोश करू का?

खाडीकाठ: कोश नंतर. एक आजी, एक तरुण, रोज तासभर. चूल पेटवणं, मासे साफ करणं, सगळं बोलीतच. मधे मराठी घुसली की वाक्य मराठी आणि शब्द तेवढे कातकरी, अशी खिचडी होते. दिवाळीनंतर घरं वीटभट्टीला जातात, तेव्हा वर्गही तिकडेच न्या.

ऐरोलीकर: कोश अगदीच टाकाऊ नाही हं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची कौर्ना ही आदिवासी भाषा मुख्यतः १८४० च्या मिशनरी व्याकरण-शब्दसंग्रहावरून पुन्हा उभी राहिली. अस्खलित बोलणारं कुणी उरलंच नव्हतं. तुमच्याकडे आज्या आहेत! रेकॉर्डिंग वेव्ह (.wav) फाइलमध्येच ठेवा, व्हॉट्सॲपवर आवाज दाबला जाऊन बारीक उच्चार हरवतात.

खाडीकाठ: आणि कुठलं गाणं बाहेर द्यायचं नाही, ते आजीला आधीच विचारा.