९ ऑगस्ट, वनहक्क आणि तेंदूचा पुडा

इतवारीकर: ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन, हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला दिवस. कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींचं दुखणं नागपुरात कशाला? आपण सगळेच इथले मूळचे. आणि वनहक्काचे पट्टे, म्हणजे कसत्या वनजमिनीचे हक्काचे कागद, वाटायला लागल्यापासून जंगलाची वाट लागली.

मोहफूल: ही पोस्ट वाचून गप्प बसवलं नाही. १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांत मूळनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर मतदान झालं. बाजूने १४४ देश, विरोधात चार: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. भारताने बाजूने मत दिलं. म्हणजे ते ‘परक्यांचं दुखणं’ आपणच मान्य केलंय. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ ला आदिवासींच्या १२ ग्रामसभांनी खाण नाकारली, ती मात्र आपल्याच २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या बळावर. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलेल्या नागपुरात बसून ‘सगळेच मूळचे’ म्हणणं मला सहन होत नाही.

आणि पट्टा-पट्टा काय करता? वैयक्तिक दाव्याला कमाल ४ हेक्टर, तेही १३ डिसेंबर २००५ ला ताब्यात असलेलीच जमीन. सामूहिक हक्कात नांगराला जागाच नाही. त्यात जंगल राखायचा अधिकार मिळतो.

इतवारीकर: तारीख कागदावर आहे हो. म्हाताऱ्याचा जबाब पुरावा म्हणून चालतो, तिथूनच नवी तोड आत शिरते. उपग्रहाचं छायाचित्र सक्तीचं करा.

सातबारा: एकट्या जबाबावर भागत नाही, दोन पुरावे लागतात. आणि मोहाच्या झाडांमधली अर्ध्या एकराची धानाची बांधी जुन्या छायाचित्रात ओळखू येत नाही. खरी गडबड मोजणीत आहे. दाट झाडोऱ्याखाली जीपीएसचा सिग्नल भरकटतो आणि नकाशावर शेत आक्रसतं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून दोनदा नोंद घ्या, दगड रोवा, शेजारच्या शेतकऱ्याची सही तिथेच घ्या.

दावे परत येतात त्याचं दुसरं कारण गणपूर्ती. ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. हजेरीत नुसते अंगठे असतात, शेजारी नाव लिहिलेलंच नसतं. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा, ६० दिवसांत अपील करा. सामूहिक दाव्याला निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद, जोडा. आपल्या विदर्भात तो कागद महसुलाच्या जुन्या दप्तरात सापडतो.

फळीवाला: दाव्यांचं काय घेऊन बसलात? पैसा अडतो तेंदूत. पुडा ७० पानांचा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या ठिकाणी, मोजणारा ‘पानं बारीक आहेत’ म्हणत शेकड्यामागे चार-पाच पुडे जास्त घेतो. बाई पहाटेपासून पानं तोडते, संध्याकाळी पुडे बांधते, आणि तिची मजुरी तिथेच कापली जाते. यावर कोणी लिहीत नाही!

इतवारीकर: ग्रामसभा स्वतः लिलाव करते ना आता? मग लूट कोणाची?

फळीवाला: लिलाव केला म्हणजे मोजणी हाती आली असं नाही. करारात जास्तीच्या पुड्यांना मनाई लिहावी लागते, फळीवर गावाचा माणूस बसवावा लागतो. अवकाळी पाऊस आला की पान काळं पडतं, मग ठेकेदार माल उचलत नाही. तो तोटा कोणाचा, हेही आधीच लिहा. तुम्ही कधी करार वाचलाय का?

इतवारीकर: असं अंगावर येऊन बोलायचं कारण नाही.

मोहफूल: बांबूचंही तेच. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाला सामूहिक वनहक्क २००९ ला मिळाला, वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं २०११ ला. मधली दोन वर्षं बांबू मालकीचा असून गाडीत भरता येत नव्हता.

इतवारीकर: परवान्याचं पटलं. बाकीच्यावर मी ठाम आहे. पैशाच्या नादात गाव बांबूची बेटं साफ करील, त्याचं उत्तर द्या.

मोहफूल: ही भीती रास्त आहे, एवढं मानते. कोवळा बांबू तोडला किंवा सगळे जुने बांबू काढले तर बेट खचतं. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या काठ्यांना हात लावायचा नाही, पावसाळ्यात तोड बंद, प्रत्येक बेटात थोडे जुने बांबू आधाराला उभे ठेवायचे, आणि काप पेराच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचून कुजत नाही. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहा आणि तोडीच्या दिवशी दोन माणसं तपासायला पाठवा.

फळीवाला: आणि त्यांची मजुरी त्याच ठरावात घाला. फुकट राखण दुसऱ्या वर्षी कोणी करत नाही.